घरात आणखी कोणाला?

वैशाख होता. बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांच्या यात्रेचे पाळणे लागले होते आणि दुपारी बारानंतर अमळनेरच्या रस्त्यांवर चिटपाखरू दिसत नव्हतं. तशा उन्हात एक गृहस्थ पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, मनगटाची बटणं लावून माझ्या दवाखान्यात आले. सोबत बायको, मेव्हणी आणि सतरा वर्षांची मुलगी. ते बाजार समितीत मापाडी होते; सगळे त्यांना आप्पा म्हणत. साल 2009.

त्रास मुलीला होता. मार्चमध्ये बारावीचा शेवटचा पेपर झाला आणि तिचा घसा सुजला, ताप आला. ताप गेला. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी पाठीवर, पोटावर, मांड्यांवर मसुराच्या डाळीएवढे लालसर ठिपके उठले. त्यांच्यावर बारीक पापुद्रा. कुणी गोवर म्हणालं, कुणी उष्णता, कुणी गजकर्ण. गजकर्णाचं मलम चोळण्यात महिना गेला होता.

माझ्या केसपेपरवर तेव्हा ‘कौटुंबिक इतिहास’ असा एक छापील रकाना होता. मी विचारलं, “घरात कोणाला असं काही?” मुलीची आई ताबडतोब म्हणाली, “आमना घरमा कोन्हलेच नही.” मी ‘नाही’ लिहिणार, तेवढ्यात टेबलावर टेकलेल्या आप्पांच्या हाताकडे लक्ष गेलं. नखांवर सुईनं टोचावेत तसे बारीक खड्डे होते. कानामागे पांढरा कोंडा होता. मी त्यांना बाही वर करायला सांगितलं. कोपरावर चांदीच्या वर्खासारखे जाड पापुद्रे निघाले. बायकोला ते ठाऊक होतं. मेव्हणीला नव्हतं.

“बघा,” मी म्हणाले, “हा सोरायसिस आहे. आनुवंशिक असतो. वडिलांकडून आलाय.”

निदान बरोबर होतं. वाक्यही पुस्तकात बसणारं होतं. लपवलेली गोष्ट हुडकून काढल्याचं मला त्या क्षणी समाधानही वाटलं. आप्पांनी बाही खाली ओढली आणि बटण लावलं. मी घशासाठी औषध लिहिलं, अंगासाठी मलम लिहिलं, पंधरा दिवसांनी या म्हणाले. ते आले नाहीत.

मुंबईत त्वचारोगाचं शिक्षण पूर्ण करून मी अमळनेरला परतले त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. न आलेल्या रुग्णाचा विचार करायला वेळ नसतो, अशी माझी समजूत होती. पावसाळा गेला, कापूस वेचणीला आला, बाजार समितीत गर्दी सुरू झाली. पौषात एका सकाळी आप्पांना त्यांच्या पुतण्यानं रिक्षातून आणलं. नखशिखान्त लाल झालेले, पावलं सुजलेली, अंगावर दोन गोधड्या आणि तरी हुडहुडी. सोरायसिस सगळ्या अंगभर पेटला की त्वचेला शरीराची ऊब आणि पाणी धरून ठेवता येत नाही. माणूस जिवावर बेतण्याइतका अशक्त होतो. त्यांना भरती करावं लागलं.

झालं होतं ते असं. माझ्या दवाखान्यातून परतल्यावर आप्पांनी आपली बाज ओसरीवर टाकली. ताट वेगळं, तांब्या वेगळा, पंचा वेगळा. लेकीच्या पंगतीला बसणं त्यांनी सोडलं. ‘वडिलांकडून आलाय’ या माझ्या शब्दांचा त्यांनी लावलेला अर्थ सरळ होता: माझ्याकडून तिला लागला, आता निदान आणखी तरी लागू नये. जे आधीपासून चालू होतं ते स्वतःचं औषध त्यांनी बंद केलं, कारण पैसा आधी पोरीच्या दवेला. पुढे कुणीतरी दिलेल्या पुड्या घेतल्या. दहा दिवसांत अंग साफ झालं आणि चेहरा गरगरीत सुजला, म्हणजे पुडीत स्टेरॉइड असणार हे मला ऐकताक्षणी कळलं. पुड्या संपल्या आणि पंधरवड्यात आजार दुपटीनं उसळला. इतकं होईपर्यंत मुलीच्या अंगावरचे ठिपके मात्र तीन महिन्यांत आपोआप मावळले होते. घशाच्या संसर्गानंतर येणारा हा थेंबाथेंबांचा सोरायसिस पुष्कळांच्या बाबतीत असा मावळतो. मी ते पहिल्या भेटीत सांगायला हवं होतं. सांगितलं नव्हतं.

भरती केल्याच्या तिसऱ्या दिवशी हुडहुडी थांबली. मी अंगाला लावायचं व्हॅसलिन पाहत होते तेव्हा ते हळूच म्हणाले, “ताई, एक इचारू? मनी आंडेरले मनामुये झायं का हाई?”

माझ्या मुलीला हे माझ्यामुळे झालं का? अहिराणीतला तो प्रश्न मी आजवर विसरलेले नाही. ‘उद्या सांगते’ म्हणून मी बाहेर आले, कारण मला उत्तर येत नव्हतं. परीक्षेतलं उत्तर येत होतं: सहावं गुणसूत्र, एचएलए-सी, टक्केवारी. ते उत्तर एका बापाच्या उशाशी बसून कसं द्यायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

त्या रात्री मी पुस्तकं आणि जुनी टिपणं काढली. जे वाचलं त्यात पहिल्यांदाच मला एक गोष्ट दिसली. या आजाराच्या आनुवंशिकतेचा शोध हीच मुळी चुकीच्या माणसाकडे बोट दाखवण्याची आणि मग ते बोट मागे घेण्याची कथा आहे.

1972 मध्ये सोरायसिसच्या रुग्णांत एचएलए गटांपैकी बी-13 आणि बी-17 हे जास्त आढळतात असं दिसलं. एचएलए म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरची ती प्रथिनं, ज्यांवरून शरीर आपलं आणि परकं ओळखतं. मूत्रपिंड बसवताना जुळवून पाहतात ती हीच. संशय बी वर गेला. पण सहाव्या गुणसूत्राच्या त्या भागातली जनुकं एका वाड्यात राहणाऱ्या भावकीसारखी असतात. शेजारी शेजारी बसलेली, पिढ्यान् पिढ्या एकत्रच पुढे जाणारी. एकाचं पाऊल उमटलं की शेजाऱ्याचंही उमटतं. पुढे कळलं की ज्यांच्याकडे बी-13 किंवा बी-17 आहे त्यांच्याकडे बहुधा शेजारचं सी-डब्ल्यू-6 असतं, आणि आजाराशी नातं त्याचं जास्त घट्ट आहे. तरीही खात्री व्हायला 2006 साल उजाडलं. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी तो भाग अक्षर अक्षर वाचून काढला आणि खूण एचएलए-सी जनुकाच्या 06:02 या रूपावर, म्हणजे त्याच सी-डब्ल्यू-6 वर, ठेवली. चौतीस वर्षं लागली. मी आप्पांकडे बोट दाखवायला अर्धं मिनिट घेतलं होतं.

आजार मुळात कातडीचा नाही, संरक्षण यंत्रणेचा आहे, हेही असंच उशिरा कळलं. कित्येक शतकं त्याला कुष्ठरोगाच्या रांगेत बसवलं गेलं. 1841 मध्ये व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी त्याला त्या रांगेतून कायमचं बाहेर काढलं. खानदेशात आजही चट्टा दिसला की कुष्ठरोगाच्या शंकेनं माणूस माझ्याकडे येतो, आणि मी पहिल्यांदा कापसाचा बोळा फिरवून विचारते, “कळतंय का?” सोरायसिसच्या चट्ट्यावर स्पर्श कळतो. 1979 मध्ये सायक्लोस्पोरिन हे संरक्षण यंत्रणेला आवर घालणारं औषध दिलेल्या रुग्णांचे चट्टे विरले आणि वैद्यकाचं लक्ष कातडीवरून रक्तातल्या पांढऱ्या पेशींकडे वळलं.

दुसऱ्या दिवशी मी स्टूल ओढून आप्पांजवळ बसले. त्यांच्या बायकोला आणि मुलीलाही बोलावलं. बाजार समितीत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला बाजार समितीतूनच सांगावं असं रात्रीच ठरवलं होतं.

“आप्पा, लिलावात व्यापारी सगळं पोतं बघतो का?”

“नाही. मूठभर काढतो. हातावर घेतो, दाणा बघतो.”

“शरीरातही तसंच चालतं. प्रत्येक पेशी आपल्या आतल्या मालाची मूठ सतत बाहेर धरून दाखवत असते. तो दाखवणारा हात म्हणजे एचएलए. आणि ते बघत फिरणारे व्यापारी म्हणजे टी पेशी. मुठीत आपलेच दाणे दिसले तर ते पुढे जातात. जंतूचा दाणा दिसला तर ओरडा करून सगळा बाजार गोळा करतात. हात दोन्हीकडून येतात, थोडे आईचे, थोडे बापाचे. तुमच्याकडून लेकीला एक हात असा आला असावा की त्याच्या तळव्याची खोलगी जरा वेगळी आहे. तिच्यात काही विशिष्ट दाणे फार चांगले बसतात.”

ते ऐकत होते. मी पुढे गेले. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूशी लढायला ज्या टी पेशी तयार होतात, त्यांतल्या काहींना त्या वेगळ्या तळव्यावर आपल्याच त्वचेचा दाणा दिसला की तो जंतूच्या दाण्यासारखा भासतो. रुग्णांच्या टॉन्सिलमधल्या आणि चट्ट्यांमधल्या टी पेशी एकाच वंशाच्या असल्याचं संशोधकांना आढळलं आहे. पुढे 2015 मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी तो आपला दाणा कोणता असू शकतो याचंही एक उत्तर दिलं: त्वचेला रंग देणाऱ्या पेशींमधल्या एका प्रथिनाचा तुकडा, नेमका 06:02 च्या तळव्यावर धरलेला. त्या सकाळी मला हे शेवटचं ठाऊक असणं शक्य नव्हतं, पण नंतर ते कळलं तेव्हा आप्पा आले असताना मी त्यांना आवर्जून सांगितलं.

एकदा ओरडा झाला की तो पसरतो. इंटरल्यूकिन-23 आणि इंटरल्यूकिन-17 या नावाचे रासायनिक निरोप सुटतात आणि त्वचेला हुकूम मिळतो: जखम झाली आहे, लवकर भर. एरवी खालच्या थरात जन्मलेली पेशी पक्व होत होत वर यायला साधारण महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात ती चार-पाच दिवसांत वर येते. विटांची भट्टी पुरती पिकायच्या आत उघडली तर कच्च्या विटा हाती लागतात आणि ढासळतात, तसा तो पापुद्रा. आप्पा म्हणाले, “म्हणजे घाण नाही ही.” नाही. रक्त खराब झाल्याचा हा पुरावा नाही, पाप नाही, आणि एकाच्या पंच्यानं दुसऱ्याला ते लागतही नाही. तो वेगळा तांब्या त्या दिवशी घरात परत गेला.

मग मी आकडे सांगितले, कारण आकडे टाळले की माणूस स्वतःचे आकडे तयार करतो आणि ते नेहमी मोठे असतात. आईबापांपैकी एकाला सोरायसिस असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात सुमारे चौदा. दोघांना असेल तर सुमारे चाळीस. भावाबहिणीला असेल तर सहा. मापाड्याला वजन सांगावं लागत नाही. त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि म्हणाले, “मग शहाऐंशींना होत नाही.”

“नाही. आणि ज्यांच्याकडे तो 06:02 चा हात आहे, त्यांच्यातल्याही शंभरातल्या जेमतेम दहांना हा आजार होतो. नव्वद जण तो हात घेऊन आयुष्य काढतात आणि त्यांना कधी कळतही नाही.”

ही गोष्ट माझ्या मनात पुढे एका जोडीनं पक्की केली. पारोळ्याकडचे दोघे जुळे भाऊ, हुबेहूब एकसारखे. एकाच्या डोक्यापासून घोट्यापर्यंत चट्टे, दुसऱ्याचं अंग स्वच्छ. एकाच शेतात राबणारे, एकाच ताटात कळण्याची भाकरी खाणारे. परदेशांत जुळ्यांवर झालेले अभ्यासही हेच सांगतात: एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला असला तरी दुसऱ्याला तो होतोच असं नाही. अभ्यासागणिक हे प्रमाण एक तृतीयांश ते जेमतेम पाऊणपर्यंत बदलतं. अक्षर न् अक्षर सारखं असूनही. उरलेली जागा घशाच्या संसर्गाची आहे, खरचटलेल्या कातडीची, दारू-तंबाखूची, वाढत्या वजनाची, काही औषधांची, झोप उडवणाऱ्या काळज्यांची. 1872 मध्ये हाइनरिश क्योब्नर यांनी दाखवून दिलं की जिथे कातडी जखमी होते तिथे नवा चट्टा उमटतो. आमच्याकडे तो परकराच्या नाडीखाली, पाटीचा भार घेणाऱ्या खांद्यावर, घट्ट पट्ट्याच्या रेषेवर दिसतो. म्हणून मी नाडी जरा सैल बांधायला सांगते. जनुक बदलता येत नाही, नाडी सैल करता येते.

आप्पा बरे होऊन गेले. दुसऱ्या आठवड्यात मी नवे केसपेपर छापून घेतले. ‘कौटुंबिक इतिहास’ हा रकाना काढला. तिथे लिहिलं: ‘घरात आणखी कोणाला असा त्रास आहे? असल्यास त्यांनाही तपासू.’ एवढ्या एका बदलानं जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. आधीच्या प्रश्नाला उत्तर देताना माणसं कुणाचं तरी नाव देत होती, म्हणजे चुगली करत होती. नव्या प्रश्नाला उत्तर देताना ती कुणासाठी तरी जागा धरत होती. ‘कोन्हलेच नही’ कमी झालं. “सासऱ्यांना आहे, पुढच्या वेळी आणते,” असं सुना सांगू लागल्या. गुडघे धरतात म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे फिरणाऱ्या एका मावशीच्या डोक्यातला कोंडा सोरायसिसचा निघाला आणि सांधेही त्याचेच. सोरायसिस झालेल्यांपैकी बऱ्याच जणांचे सांधे पुढे धरतात, आणि लवकर ओळखलं तर बोटं वाकडी होण्यापासून वाचतात.

सगळ्यात कठीण प्रश्न सोयरिकीचे. लगीनसराई आली की मुलीचे काका किंवा मुलाचा मामा एकटाच येतो, दार लोटतो आणि विचारतो, “पुढच्या पिढीत येईल का?” एकदा चोपड्याकडून एक तरुण आला. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत आरोग्याचं काम करणारा, स्वतःच्या कोपरावर चट्टे असलेला. तिकडच्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेलची तपासणी होते, तपासलेल्यांना कार्ड मिळतं, लग्नाआधी दोघांची कार्डं पाहावीत असं तो घरोघर सांगत असे. तो म्हणाला, “मॅडम, आम्ही सिकलसेलचं कार्ड देतो तसं मला सोरायसिसचं द्या. एचएलए तपासा. मुलीकडच्यांना दाखवतो, लपवायचं नाही मला.”

त्याचा प्रामाणिकपणा मला फार आवडला. पण कार्ड देता येत नव्हतं, आणि का येत नाही हे त्याला कुणापेक्षाही लवकर कळलं. सिकलसेलमध्ये एका जनुकातलं एक अक्षर बदलतं. दोघे आईबाप वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता, हे कागदावर मांडता येतं. सोरायसिसशी नातं असलेली ठिकाणं आता शंभरावर गेली आहेत. एचएलए-सी त्यांतलं सगळ्यात वजनदार. बाकीची बारीक. कुणी त्या मुठीतला दाणा मापाचा कापणारं, जसं ईआरएपी-1. कुणी इंटरल्यूकिन-23 चा निरोप ऐकणारं. कुणी त्वचेचा वरचा थर विणणारं. कार्ड-14 या जनुकातल्या बदलामुळे जवळजवळ एकट्याच्या जोरावर आजार होणारी कुटुंबं जगात आहेत, पण ती फार थोडी. बाकी सगळ्यांच्या बाबतीत एचएलए तपासून मी एवढंच सांगू शकले असते की शक्यता थोडी जास्त आहे किंवा थोडी कमी. चिठ्ठीवरचं ‘आहे’ मात्र मुलीकडच्यांनी निकाल म्हणून वाचलं असतं. मी त्याला म्हणाले, “कार्ड नको. तूच सांग तिला. चट्टे दाखव, चौदाचा आकडा सांग, औषध आहे हे सांग.” त्यानं तसंच केलं. लग्न झालं की नाही हे मी इथे लिहीत नाही. ते त्या दोघांचं आहे.

या जनुकाबद्दल आणखी एक गोष्ट मी रुग्णांना सांगते. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की एचआयव्हीचा विषाणू औषधाविना काबूत ठेवायला मदत करणारी जनुकीय रूपं सोरायसिसच्या रुग्णांमध्ये जास्त प्रमाणात सापडतात. जो हात आपल्याच दाण्याला फसतो, तोच हात काही विषाणूंचा दाणा फार चांगला पकडतो. आपल्या पूर्वजांना कोणत्या साथीतून तो वाचवून गेला असेल, कोण सांगणार? वारसा म्हणून आलेली वस्तू नुसती वाईट क्वचितच असते.

संशोधनाच्या या नकाशावर आपली माणसं कमी आहेत याची खंत वाटते. मोठे जनुकीय अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले. उत्तर भारतातल्या रुग्णांच्या एचएलए-बी आणि सी जनुकांचा अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेच्या संशोधकांनी मुंबईतल्या रुग्णांच्या एचएलए-ए आणि बी चा अभ्यास 2011 मध्ये मांडला. कोलकात्यात एचएलए-सी वर काम झालं आहे. भारतात सोरायसिसचं प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांत 0.44 ते 2.8 टक्के आढळतं. लाखभर वस्तीच्या आमच्या गावात 1 टक्का धरला तरी हजार माणसं होतात. त्या हजारांच्या रक्तातलं उत्तर वाचायला कुणीतरी इथवर यावं असं मला मनापासून वाटतं.

पण जनुकांचा शोध आमच्या गावात पोहोचलाच नाही असं म्हणता येणार नाही. तो औषधाच्या रूपानं पोहोचला. 2007 मध्ये इंटरल्यूकिन-23 च्या वाटेवरची जनुकं सोरायसिसशी जोडली गेली, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत इंटरल्यूकिन-23 आणि 17 अडवणारी इंजेक्शनं आली. बेंगळुरूच्या बायोकॉननं तयार केलेल्या इटोलिझुमॅबला 2013 मध्ये भारतात सोरायसिससाठी परवानगी मिळाली. टी पेशींना आवरणारं ते औषध आपल्या देशात घडलं याचं मला अप्रूप आहे. तरीही ही इंजेक्शनं मापाड्याच्या, शेतमजुराच्या घराला झेपत नाहीत, आणि देण्याआधी दबलेला क्षयरोग आहे का हे तपासावं लागतं. आपल्याकडे ते विसरून चालत नाही.

म्हणून माझा खरा आधार अजूनही मेथोट्रेक्सेट आहे. जुनं, स्वस्त, आठवड्यातून एकदाच घ्यायचं. चुकून रोज घेतलं तर जिवावर उठणारं. रुग्ण वाचता न येणारा असेल तर मी विचारते, “तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी?” आणि सांगते, “बाजाराच्या दिवशीच गोळी. बाजार नाही, गोळी नाही.” यकृताची तपासणी, दारू बंद, आणि मूल हवं असेल तर ही गोळी अजिबात नाही, हे प्रत्येक वेळी नव्यानं सांगते. आठवड्यातून तीनदा येऊन प्रकाशोपचार घेणं खेड्यातल्या माणसाला एसटीच्या भाड्यामुळे जमत नाही. त्यांना मी सकाळच्या उन्हात थोडा वेळ बसायला सांगते. आमच्याकडे ऊन भरपूर आहे. वैशाखात माझे बहुतेक रुग्ण सुधारतात आणि पौष-माघात पुन्हा येतात. आप्पा आयुष्यभर बाजार समितीच्या आवारात त्याच उन्हात उभे राहिले, आणि ज्या उन्हानं त्यांचे हात बरे झाले असते त्याच्यापासून ते हात शर्टाच्या आत जपत राहिले. त्यांना तसं करायला लावणारी लाज त्यांनी जन्माला घातलेली नव्हती.

मुलीचं पुढे पदवीचं शिक्षण झालं, 2017 मध्ये लग्न झालं, सासर धुळ्याला. मधल्या काळात तिच्या कोपरांवर दोन लहान चट्टे उठले होते, मलमानं आटोक्यात राहिले. सोयरीक ठरताना आप्पांनी व्याह्यांना स्वतःचे हात दाखवले होते, हे मला तिनंच सांगितलं.

2019 च्या दिवाळीत ती माहेरी आली होती, पाच महिन्यांची गरोदर. आप्पा सोबत होते, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. चट्टे गरोदरपणात जवळजवळ गेले होते, तसं पुष्कळ जणींचं होतं. कोणतं मलम चालेल, कोणतं नाही, हे मी लिहून दिलं. ती उठायच्या बेतात होती आणि पुन्हा बसली. पोटावर हात ठेवून म्हणाली, “मॅडम, बाळाला होईल का हो?”

मी उत्तरासाठी शब्द जुळवत होते. दहा वर्षांत तो प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला होता, आणि तरी दर वेळी जरा थांबावं लागतं. माझ्या आधी आप्पा बोलले. आवाजात वजन सांगणाऱ्या माणसाची स्वच्छ खात्री होती.

“शंभरमा चौदा, बेटा. आनी झायंच तं दवाई शे.”

तिनं मान हलवली. मग माझ्या टेबलावरचा नवा केसपेपर तिनं स्वतःकडे ओढला, पेन मागितलं आणि ‘घरात आणखी कोणाला’ या ओळीपुढे आपल्या हातानं लिहिलं: ‘वडिलांना आहे. सोबत आले आहेत.’